डब्याची घाई नाही

कॅप्सूल सुरू केल्यावर आठवड्याभरातच माझं हृदय दिवसभराचं काम दुपारच्या चहाच्या आत आटपायला लागलं.

कॅप्सूल माझ्या नणंदेने पाठवली होती. बाटलीवर लिहिलं होतं, हृदयाच्या आरोग्यासाठी आणि दिवसभराच्या ऊर्जेसाठी, रोज एक, नाश्त्यानंतर. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय, त्यामुळे मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी काही गिळत नाही. अर्जुनाची साल, अळशीचं तेल, लसणाचा अर्क. यातलं काय हृदयाला नक्की काय करतं, याचा भरवशाचा पुरावा मला कुठे सापडला नाही. तरी मी घ्यायला लागले. मी अकरावीत असताना माझे बाबा गेले. बँकेतून घरी आले, स्कूटर स्टँडला लावली आणि तिच्यावरच बसून राहिले. जुई आता सव्वा वर्षाची आहे. तिचं कॉलेज होईपर्यंत आपण असावं, एवढंच माझं मागणं होतं. पुरावा नव्हता, पण कॅप्सूल होती.

पहिल्यांदा लक्षात आलं ते दुधामुळे. दूध उतू गेलं आणि मी दचकले नाही. गॅस बंद केला, ओटा पुसला. मग जुईने तोंडात शर्टाचं बटण घातलं. मी बोट घालून ते काढलं, डब्यात टाकलं आणि विषय संपला. एरवी ते बटण मी संध्याकाळभर गिळत बसले असते. अनोळखी नंबरवरून फोन आला तेव्हाही नवऱ्याला, परागला अपघात झालाय असं मनात आलं नाही. फोन खरंच कर्ज हवंय का विचारणारा होता.

पराग घरी आल्यावर मी त्याला मनगट दिलं. तो इंजिनिअर आहे, पण नाडी बघता येते असं त्याचं म्हणणं असतं.

"लागत नाहीये," तो म्हणाला.

"हो ना. दुपारपासून."

"चक्कर वगैरे?"

"काही नाही. उलट बरं वाटतंय."

"मग उद्या डॉक्टरांकडे जाऊन ये," तो म्हणाला आणि पोहे संपवायला लागला. पुढचा घास घेताना थांबून म्हणाला, "अगं, पण आज तू मला एकदाही फोन नाही केलास. मला वाटलं, रुसलीस."

अडचण खरी सुरू झाली ती जुईला झोपवताना. जुई जन्मल्यापासून एकाच पद्धतीने झोपते. माझ्या छातीवर डावा कान टेकते, जरा ऐकते, मग अंगठा तोंडात जातो. त्या दिवशी तिने कान टेकला, उचलला, दुसरा कान टेकला. मग माझ्याकडे बघितलं. दार वाजवून कोणी उघडलं नाही की आपण नावाच्या पाटीकडे बघतो, तसं. परागने तिला आपल्या छातीवर घेतलं. त्याचं हृदय व्यवस्थित चालू होतं, पण तिला त्यात रस नव्हता. आम्ही भिंतीवरचं घड्याळ काढून तिच्या कानाशी धरलं. तिने त्याचा काटा वाकवला. शेवटी दमून डुलकी लागायची, दचकून उठायची आणि पुन्हा कान टेकून बघायची.

तेव्हा मी तिच्याकडे शांतपणे बघत होते, हे मला मान्य करायला हवं. हिचे डोळे लाल झालेत, असं मी बघितलं. पडदा मळलाय, हेही तसंच बघितलं.

डॉ. हेर्लेकर बाईंकडे मी सकाळी गेले असते तर हृदय चालू सापडलं असतं, म्हणून मुद्दाम चहानंतर गेले. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, काढला, झटकला, पुन्हा लावला.

"किती वाजता सुरू होतं?"

"पहाटे. जुईच्या आधी."

"आणि चहापर्यंत सगळं संपतं. मागे काही राहत नाही?"

"नाही. म्हणजे, मला तरी तसं वाटत नाही. राहत असेल का?"

"नाही राहत. काम स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कार्यक्षमता वाढली की असं होतं काही जणांचं. असं हृदय पुष्कळ वर्षं जातं. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

मी म्हटलं, हो, तेच हवं होतं. पण मुलगी झोपत नाही.

"कॅप्सूल बंद केली तर पूर्ववत होईल. दिवसभर धडधडेल. आणि वर्षंही मग बेताचीच धरायची."

एक बाटली बंद करून लेकीला आजची झोप द्यायची, की चालू ठेवून तिला आई जास्त वर्षं द्यायची, असा तो प्रश्न होता. आणि तो मला घामही न फुटता पडला होता. असा प्रश्न घाम फुटल्याशिवाय सोडवू नये एवढं मला कळत होतं.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "रिकामं ठेवू नका त्याला. हृदय रिकामं राहिलं की सुस्तावतं. काम द्या काहीतरी. दुसऱ्या कोणाचं मागे पडलं असेल तर ते द्या. काम करून आलं की तास दोन तास वाजत राहतं, बटण बंद केल्यावर पंखा फिरतो तसं. तेवढ्यात पोर झोपेल."

"दुसऱ्या कोणाचं म्हणजे?"

"तुमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत एक पेशंट. नाव मला सांगता येणार नाही. पहिल्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत."

कारखानीस आजोबा. त्यांच्याबद्दल सोसायटीत सगळ्यांना थोडंफार माहीत होतं. त्यांचं हृदय फार मागे पडलं होतं. चैत्र लागला होता आणि आजोबा अजून दिवाळीत होते. गणपतीतल्या एका विनोदाला ते मध्यंतरी लिफ्टमध्ये एकटेच खो खो हसले. तसं काय चाललंय ते त्यांना कळत असे, हिशेब, पेपर, औषधं, सगळं आजच्या तारखेचं. वाटायचं मात्र पाच-सहा महिन्यांनी.

काम आटपलेलं हृदय काढायला अवघड नसतं. बाईंनी दाखवलं होतं. साधारण सीताफळाएवढं असतं आणि कोमट. मी ते आमच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं, जुईला परागकडे दिलं आणि खाली निघाले. जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी बर्वे भेटले.

"काय नेताय?"

"हृदय. कारखानीसांकडे."

"लिफ्टने नका नेऊ," ते म्हणाले. "मागे कोणीतरी कालवण सांडलं होतं."

आजोबांच्या बायकोने, नलूआजींनी दार उघडलं. मी सगळं नीट सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, तुमचं मागे पडलंय, माझं रिकामं आहे, वापरा. आजींनी डबा दोन्ही हातांनी घेतला. झाकण जरा उचलून वास घेतला, पदार्थाचा घेतात तसा.

"अगं, कशाला एवढं," त्या म्हणाल्या. "तुला लहान पोर आहे."

इथे मी म्हणायला हवं होतं की, आजी, जुईच्या झोपेच्या वेळेपर्यंत परत लागेल. मी तेवढ्यासाठीच तर आले होते. पण दारात उभं राहून दिलेली वस्तू परत मागायची कशी. माझ्या तोंडून आलं ते आमच्या घरात डबा देताना सगळ्या बायका म्हणत आल्यात ते.

"राहू दे हो. आणि डब्याची काही घाई नाही."

डबा मात्र दिवेलागणीलाच परत आला. आजींनी स्वतः आणून दिला, घासून लखलखीत केलेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला असता, पण तोही येईना. झाकण उघडलं. आत शंकरपाळे होते. मला वाटलं, वरून घातलेत, हृदय खाली असेल. मी ते ताटात ओतले. खाली शंकरपाळेच होते.

"रिकामा कसा द्यायचा," आजी जाता जाता म्हणाल्या होत्या. आता त्याचा अर्थ लागला. डब्यातून आलेलं ठेवून घ्यायचं आणि डबा काहीतरी घालून परत करायचा. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मीही हेच केलं असतं.

"जाऊन मागून आण," पराग म्हणाला. जुई त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरत होती, कान टेकायला.

"असं कसं मागू? डब्यातून दिलंय."

"अगं, ते हृदय आहे. लोणचं नाही."

"दिलेलं लोणचंसुद्धा मागत नाहीत, पराग."

"मी जातो मग."

"तू गेलास तर ते जास्त वाईट दिसेल. मी पाठवलं म्हणतील."

संकोच हृदयात नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो दुसरीकडे कुठेतरी असतो आणि त्याचं काम कधीच संपत नाही.

जुई तीही रात्र झोपली नाही. सकाळी माझ्या छातीत काही सुरू झालं नाही, पण दिवस चालू झाला. मी तिला न्हाऊ घातलं, मऊ भात भरवला. तिच्या अंगात थोडी कसर वाटली म्हणून थर्मामीटर लावलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, औषध मोजून पाजलं. हे सगळं हातांना येत होतं. हृदय चालू असतं तर हेच मी रडकुंडीला येऊन, दोनदा सांडून केलं असतं. आई म्हणून मी त्या दिवशी कदाचित अधिक बरी होते. हा विचार मला आवडला नसता, असं मला वाटलं. जुईला तर त्या बऱ्या आईशी काही कर्तव्य नव्हतं. ती दर थोड्या वेळाने येऊन छाती तपासून जात होती. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. उभी राहिली की तिचे गुडघे दुमडायला लागले. तेव्हा मी तिला कडेवर घेतलं, ताटातले शंकरपाळे झाकून ठेवले आणि खाली गेले. जिन्यात वाक्य पाठ केलं. आजी, रागावू नका, पण ते परत लागेल.

दार उघडंच होतं. नलूआजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. आत खोलीत कारखानीस आजोबा आरामखुर्चीत मागे रेलून बसले होते, डोळे मिटून. फ्रिजवर एका वाडग्यावर ओलं फडकं टाकलेलं होतं.

"त्यांचं जुनं काढून ठेवलंय," आजी माझी नजर बघून म्हणाल्या. "बस. काय गुणाचं आहे गं तुझं. काल दिवाळी संपवली, सकाळी तुळशीचं लग्न झालं. चालतं किती झरझर."

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. आजींचा चेहरा उतरला.

"म्हणजे ते दिलं नव्हतंस?"

"दिलं होतं. पण मला परत हवंय, हे सांगायचं राहिलं."

"अरे देवा. आणि मी शंकरपाळे घालून मोकळी झाले." त्या पदराला हात पुसत राहिल्या. "नाहीतर रात्रीच वर आणून दिलं असतं. आता कसं करायचं? आता ते मार्गशीर्षात आलेत."

मार्गशीर्षात आजोबांचा धाकटा भाऊ वारला होता, वसंता. आम्हीही खाली उभे होतो तेव्हा. आजोबांनी भावाला अग्नी दिला, घरी आले, आंघोळ केली आणि जेवताना आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. सगळे म्हणाले, केवढं धीराचं माणूस. नलूआजी मात्र त्या दिवसापासून भीत होत्या. त्यांना माहीत होतं, ते अजून तिथे पोचायचेत. ते जुनं हृदय कुरकुरत, थांबत एक दिवस मार्गशीर्षात येणार आणि तिथेच बसणार.

"तुझं आलं तेव्हा मी म्हटलं, हे नेईल त्यांना पार," आजी म्हणाल्या. "तरुण आहे म्हणून नव्हे गं. काळजीवाल्या बाईचं आहे म्हणून. काही व्हायच्या आधीच ते सगळीकडे जाऊन आलेलं असतं. त्याला वाट ठाऊक असते." मग हळूच म्हणाल्या, "आत्ता काढलं तर ते तिथेच राहतील. पण तुझं आहे. तू म्हणशील तसं."

माझ्या कडेवर जुई होती. डोळे उघडे, तोंड उघडं, रडणं संपलेलं. खुर्चीत आजोबा होते. शर्टाच्या वरच्या दोन गुंड्यांमधून माझं हृदय चाललेलं दिसत होतं, कापड उडत होतं. मी दोघांकडे बघत होते. ठरवायला जे लागतं तेच माझ्याकडे नव्हतं. ते समोर दुसऱ्याच्या छातीत कामात होतं.

ठरवलं जुईने. तिने मान वळवली. खोलीत काहीतरी ऐकू येत होतं, मलाही, आता लक्ष दिल्यावर. तिने माझ्या कडेवरून अंग झोकलं, मी तिला खाली सोडलं. ती खुर्चीचा हात धरून, आजोबांचं धोतर ओढत वर चढली. मी आवरायला पुढे झाले तर आजींनी माझा दंड धरला. जुईने डावा कान आजोबांच्या छातीवर टेकला. ऐकलं. मग अंगठा तोंडात गेला.

आजोबांनी डोळे उघडले. आधी पोरीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"नलू," ते म्हणाले, "वसंता गेला गं."

"हो," आजी म्हणाल्या.

त्यांचा चेहरा सगळा हलायला लागला, पण छाती ते हलू देईनात. हुंदका आला की नाकाने हळूहळू सोडत होते, ऊन दूध फुंकावं तसे. पाणी गालावरून कानात जात होतं, पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. एक हात जुईच्या पाठीवर होता.

"पोर उठेल," ते मधे एकदा म्हणाले.

"नाही उठायची," मी म्हटलं. "तिला सवय आहे."

मग ते नदीबद्दल बोलायला लागले. कृष्णेवर घाटाखाली वसंताला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं, पोटाखाली तळवा धरून. तो म्हणायचा, दादा, सोडू नको. एक दिवस सोडला, तर तो पुढे गेलासुद्धा, त्याला कळलंच नाही. हे ते पुनःपुन्हा सांगत होते, अगदी बारीक आवाजात. आजींनी चहा टाकला. मी भिंतीला टेकून बसले आणि माझं हृदय दुसऱ्याच्या भावासाठी रडताना ऐकत राहिले. त्यावर जुई झोपली होती, तोंडातून अंगठा सुटून.

दिवे लागले तेव्हा पराग आला. त्याने खोलीत बघितलं, चपला बाहेर काढल्या आणि माझ्याशेजारी बसला. "झोपली?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने बशीतला माझा गार चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी हृदय घेऊन वर आल्या. या खेपेला त्यांच्या डब्यातून, पितळी, कडीचा. आमचा मी परत घेतला होता ना. "जरा धुऊन घेतलंय," त्या म्हणाल्या. "तसं ते स्वच्छच होतं." आजोबा कसे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, त्यांचं जुनं परत बसवलंय, काल नीट जेवले, आमटीला नाव ठेवलं नाही. त्या गेल्यावर बघितलं, हृदयाच्या खाली खडीसाखर घातली होती.

मी ते जागच्या जागी बसवलं. पहिले काही ठोके माझे नव्हते. उजव्या तळव्याला थोडा वेळ कोणाचं तरी पोट लागत होतं, ओलं, गार, लहान मुलाचं. मला पोहता येत नाही. मग माझे ठोके लागले, आणि जुईची कालची कसर आठवून मी धावत जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तरी थर्मामीटर आणलं. जुईने तेवढ्यात माझ्या छातीवर कान टेकला, आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त वेळ ऐकलं, आणि खडीसाखर मागायला लागली.

"कॅप्सूल?" परागने नाश्त्यानंतर बाटली पुढे करून विचारलं. त्याने दुसरं काही विचारलं नाही. मी घेतली.

हृदयाचं काम चहाच्या आतच आटपलं, रोजच्यासारखं. छाती शांत झाली तेव्हा मी ओट्याशी होते. आजोबांची अजून संक्रांत राहिली होती, आणि सोसायटीचं पाणी गेलं होतं तो आठवडा. जुई डोळे चोळत होती. आजींचा पितळी डबा मी सकाळीच घासून पालथा घातला होता. तो सुलटा केला, आतून कोरडा पुसला.

रिकामा कसा द्यायचा.